धक्के जाणवले नाहीत

धक्क्याच्या आधी आवाज येतो. दूरच्या वळणावर कुणीतरी दगडांनी भरलेला डंपर सावकाश रिकामा करत असावं तसा, पण हवेतून न येता तळपायांतून वर चढणारा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पलीकडच्या गावात मी एका घराच्या ओट्यावर मांडी घालून भूकंपाच्या पाहणीचे फॉर्म भरत होते. पावसाळा सरत आला होता. भाताला कोवळ्या दुधाचा वास सुटला होता, बांधांवर तेरडा गुलाबी होऊन झुकला होता आणि ओल्या लाकडाचा धूर कौलांमधून झिरपून अंगणातच घुटमळत होता. समोरची बाई बोलता बोलता थांबली. तिने हातातला तांब्या खाली ठेवला, जमिनीवर तळवा टेकवला आणि ओळखीचा पाहुणा फाटकाशी दिसावा तशा सुरात म्हणाली, "आला बघ." तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उमटली, मागच्या खोलीत पत्रा कुरकुरला, एक कोंबडी उगाचच धावली. "गेला," ती म्हणाली आणि तांब्या माझ्यापुढे सरकवला. माझं पेन तेवढ्यात कागदावरून घसरलं होतं. ती तिरकी निळी रेघ पाहून मला आनंद झाला, हे आता सांगताना लाज वाटते. पृथ्वीने माझ्या कागदावर स्वतःच्या हाताने काही लिहिलं, असं मला वाटलं होतं.

पृथ्वीशी माझी ओळख इंग्रजीतून झाली. इंदिरानगरच्या आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला भिंतीवर जगाचा रंगीत नकाशा टांगलेला असे आणि आठवीत मुग्धाने त्याची झेरॉक्स काढून आणली. ती आणि मी तिच्या खोलीतल्या फरशीवर पालथ्या पडून कात्रीने खंड कापत होतो. आफ्रिकेच्या कुशीत दक्षिण अमेरिका बसवली, मादागास्करच्या कडेला भारताचा पश्चिम किनारा लावून पाहिला, आणि कागदाच्या कडा जुळताच मुग्धा ओरडली, "अगं, हे खरंच जुळतंय!" मी तेव्हाही कमीच बोलायचे. वर्गात मला सगळे 'सायलेंट झोन' म्हणत आणि हे नाव मुग्धानेच ठेवलेलं होतं. पण तिने ठेवलेलं नाव मला टोचत नसे, कारण माझ्या वाटचं सगळं तीच बोलायची. रिक्षावाल्याशी, बाईंशी, माझ्या आईशीसुद्धा. एखादं माणूस इतकी वर्षं आपल्या वतीने बोलत राहिलं, की त्याच्या बोलण्यातलं आपलं किती आणि त्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

पुढे कॉलेजात आम्ही दोघींनी भूशास्त्रच घेतलं आणि तो कागदी खेळ खरा झाला. आपली भूमी कधीकाळी दक्षिणेच्या एका मोठ्या खंडाला चिकटलेली होती, ती सुटली, समुद्र ओलांडत उत्तरेकडे निघाली, वाटेत तिच्या अंगावर तप्त रसाचे थरावर थर पसरले, आणि त्याच थरांचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आज आमच्या नाशिकभोवती बसलेले आहेत. मुग्धाच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. त्याच्या अंगावरच्या आडव्या रेघा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट होतात आणि हा दगड कधी वाहत होता यावर तेवढ्यापुरता विश्वास बसतो. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा उभा कडा कसा झाला, हे सरांनी शिकवलं तो तास मला विसरता आलेला नाही. तिकडचा भूभाग तुटून दूर निघून गेला, मधे समुद्र शिरला, त्या तुटण्याने हा प्रदेश कलला आणि उचलला गेला, आणि नंतर पावसापाण्याने ती कड झिजवत झिजवत आत आणली. म्हणजे ज्याला आपण डोंगराची शोभा म्हणतो ती एका ताटातुटीची कड आहे. मी वहीत तेवढंच लिहिलं होतं. शेजारच्या बाकावरून मुग्धाने वाकून पाहिलं आणि कानात कुजबुजली, "कविता करतेयस का, येडे?"

पेठकडच्या डोंगरांत पावसाळ्याच्या शेवटाला जमीन अधूनमधून हलते. पाणी दगडाच्या जुन्या भेगांतून खोल मुरतं, कुठेतरी ताण धरून बसलेल्या कडा सैल होतात आणि सरकतात, असं सांगतात. धक्के लहानच, शहरात पोचतही नाहीत. पण त्या वर्षी तिथल्या अंगणवाडीच्या भिंतीला भेग गेली. गावापासून तासाभराच्या चढावर वरचा पाडा आहे, तिथली ती एकुलती एक पक्की इमारत. मुलांना दुसरीकडे बसवायला जागा बांधून द्यावी, असा अर्ज पाड्याने केला आणि तालुक्याच्या कचेरीतून आमच्या कॉलेजला पत्र आलं. तिथे धक्के किती आणि कसे जाणवतात, ते घरोघर विचारून कळवा. त्या अहवालावर अंगणवाडी दुसरीकडे हलायची किंवा तिथेच राहायची होती.

प्रश्नावली मुग्धाने आणि मी मिळून तयार केली, तिच्याच खोलीत, तिच्याच फरशीवर. टांगलेल्या वस्तू हलल्या का, हा प्रश्न अशा प्रत्येक पाहणीत असतो. उदाहरणं काय द्यायची म्हणून आम्ही दोघींनी मान वर करून खोलीत पाहिलं आणि जे टांगलेलं दिसलं ते लिहिलं. पंखा, दिवा, कॅलेंडर. पुढे कपाटाचं दार, फ्रीजवरची भांडी. सरांनी फॉर्मवर नजर फिरवून मान डोलावली. सोपं होतं. प्रत्येक ओळीपुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन.

कॉलेजने ठरवलेली जीप रफिकभाई चालवायचे. सावळ घाटात धुकं लागलं की काच खाली करून डोकं बाहेर काढत आणि म्हणत, "मॅडम लोक, रस्ता तुम्हाला दिसतोय का? मला तर फक्त देव दिसतोय." त्या दिवशी आम्ही काम वाटून घेतलं. खालचं गाव माझं, वरचा पाडा मुग्धाचा, कारण तिला अनोळखी माणसांशी बोलता येतं आणि मला चढाची नाही तरी माणसांची धाप लागते. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या ताईंनी सगळ्या कुटुंबांच्या नावांची यादी आधीच खाली पाठवून ठेवली होती, पाहुण्यांना शोधाशोध नको म्हणून. वहीचं पान, चारी बाजूंनी लाल पेनाने आखलेली नक्षी आणि मध्ये एकाखाली एक नावं. ते पान मी मुग्धाच्या हातात दिलं. दुपारी पाऊस कोसळला. चार वाजता ती जीपपाशी उभी होती. सगळे फॉर्म भरलेले, अक्षर सुबक, सगळीकडे 'नाही'. "वर काहीच नाही गं, लोकांना कळलंसुद्धा नाही," ती म्हणाली. माझी नजर तिच्या बुटांवर गेली. खालच्या सपाट गावात फिरूनही माझ्या सलवारीला गुडघ्यापर्यंत तांबडा चिखल होता. तिचे बूट पांढरे होते.

मी पाहिलं, आणि नीट पाहिलं. आणि जीपमध्ये तिच्या शेजारी बसून, घाटाच्या वळणावळणावर मांडीवर धरलेल्या त्या प्रत्येक फॉर्मच्या तळाशी 'तपासणारी' असं लिहिलेल्या जागेवर सही केली.

अहवाल गेला. थंडीच्या सुरुवातीला सरांना कुठल्याशा चर्चासत्रात तो मांडायचा होता, त्यासाठी पाड्याचे दोन फोटो हवे होते. मुग्धाला सर्दी झाली होती म्हणून रफिकभाईंच्या जीपने मी एकटीच गेले. वाट नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कापलेल्या शेतांतून चढते. सोनकीची फुलं वाळून गेली होती आणि गवताला भाजक्या धान्यासारखा वास येत होता. पाड्यात पोचले तेव्हा उन्हात बाया सूप घेऊन पाखडत बसल्या होत्या. मी घरं पाहू लागले आणि पाचव्या-सहाव्या घराशी माझे पाय थांबले. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. आत अंधार, एक सौर दिवा. पंखा नव्हता. एकाही घरात पंखा नव्हता. कपाट नव्हतं, फ्रीजचा तर प्रश्नच नव्हता. मग पंख्यापुढे कुणी सांगितलं 'नाही'?

अंगणवाडीच्या यशोदाताई चाळिशीच्या. खांद्यावर एक रडकं मूल, कानामागे पेन. मी कॉलेजातून आले म्हणताच त्यांनी मूल खाली ठेवलं, आत जाऊन एक घडी घातलेला कागद आणला. तालुक्याहून आलेलं उत्तर होतं. पाहणीत वरच्या पाड्यावर धक्के जाणवले नाहीत असं दिसून आलं, सबब इमारत हलवण्याची आवश्यकता नाही. मागे जोडपत्र होतं, माहिती देणाऱ्यांच्या नावांचं.

"हे मी," त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं. "ही माझी सासू. आंधळी हाय, तिला कोणी काय विचारलं नाय. हा शिवराम तर वर्षभर द्राक्षाच्या बागंला असतो, पिंपळगावला. आमच्या इथं कोणी आलंच नाय, बाय. मग आम्ही हे कधी सांगितलं?"

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं." हे अर्धं खरं होतं.

त्यांनी मला घरात नेलं. आढ्याला टांगलेलं शिंकं दाखवलं, त्यात दुधाचं मडकं. "हे हलतं." लेकराची झोळी दाखवली. "ही आपोआप हलते, तेव्हा हा झोपतो, बाकी आम्ही जागे." पाखडणाऱ्या बाया हसल्या. वर कौलं सरकून जिथून आभाळ दिसत होतं ती जागा दाखवली. मग अंगणवाडी. विटांची, वर स्लॅब असलेली पक्की खोली, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी खाली उतरलेली भेग. तिच्यातून उन्हाची एक धारदार पट्टी आत येऊन भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर पडली होती. मुलं त्या भेगेत नागलीची काडी खुपसून किती आत जाते ते बघत होती. काडी पूर्ण आत जात होती. "कुडाचं घर हलतं न् पुन्हा उभं राहतं," यशोदाताई म्हणाल्या, "पक्कं घर फाटतं. आणि सरकार म्हणतं, पक्क्यात बसा." मी फोटो काढले नाहीत.

परतीच्या वाटेवर रफिकभाईंनी दोनदा आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या दिवशी दुसऱ्या मॅडम वर गेल्याच नव्हत्या ना. गाडीत बसूनच लिहीत होत्या. पाऊस होता, मी चहा आणून दिला. मला वाटलं, तुम्हा दोघींचं ठरलेलं असेल." जराशाने स्वतःशीच म्हणाले, "चहा दोन कप प्यायल्या."

घाट उतरताना खिडकीतून डोंगरांचे थर एकेक करून मागे जात होते आणि मी आठवीपासूनची वर्षं तशीच उलगडून पाहत होते. कुठल्या थरापासून हे सुरू झालं असेल? तिने माझ्या वतीने आईला सांगितलेल्या छोट्या थापा, प्रयोगवहीत एकमेकींच्या उतरवलेल्या आकृत्या, माझ्या हजेरीला तिने दिलेला 'येस मॅम'. ते सगळं मला तेव्हा प्रेम वाटलं होतं. अजूनही, ते प्रेम नव्हतं असं मला म्हणता येत नाही, आणि फसवणूक झाल्यावर छातीत जे जड होतं ते बहुधा यामुळेच. परक्याने फसवलं तर माणूस संतापतो. आपल्या माणसाने फसवलं की आधी जुन्या सगळ्या आठवणी पुन्हा तपासायला घ्याव्या लागतात, आणि त्या कामाला अंत नसतो.

मुग्धा गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. मी सांगितलं तेव्हा तिने नाकारलं नाही. तिला खोटं आयत्या वेळी बोलता येत नाही, ते आधी लिहून ठेवलेलं लागतं.

"मी वाईट काय लिहिलं?" ती म्हणाली. "'नाही' लिहिलं. 'नाही' लिहिल्याने कुणाचं काय बिघडतं? खाली जेमतेम हलत होतं, वर काय वेगळं असणार होतं?"

"मुलं बसतात त्या खोलीत."

"मला काय माहीत, यार! फॉर्मवर अंगणवाडीचा प्रश्न नव्हताच. पंखा होता. तो आपण दोघींनी मिळून घातला होता." कपड्यांची घडी तिने छातीशी धरली. मग शांतपणे म्हणाली, "आणि तू माझे बूट बघितले होतेस. मी तुला बघताना बघितलं. मला वाटलं, तू आता विचारशील. तू सही केलीस. तेव्हा मला वाटलं, चल, आपण दोघी आहोत यात."

पांडवलेण्यांच्या डोंगरावरचं ऊन उतरलं होतं. खालच्या रस्त्यावर पाणीपुरीवाल्याची घंटी वाजत होती. तिच्याकडून मी माफीची वाट पाहत होते आणि तिने मला माझाच वाटा परत दिला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं म्हणून तो घेणं अधिक अवघड होतं. मी जिना उतरले. तिने हाक मारली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्यापैकी ती गप्प राहिली होती.

सरांच्या केबिनमध्ये जायला मला तीन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "रिपोर्ट सबमिट झालाय, बेटा. पुढच्या टप्प्यात वरचा पाडा पुन्हा घेऊ." पुढचा टप्पा कधी, विचारलं तर म्हणाले, "बघू." आणि मी दाराशी पोचल्यावर, अगदी मायेने, "त्या फॉर्मांवर तुझीही सही आहे. पूर्ण विचार कर." ज्या माणसाने मला कड्यातली ताटातूट दाखवली होती त्याच माणसाच्या आवाजात तो मऊपणा होता. खाली उतरताना पायऱ्या पायाखाली आहेत याचीही मी खात्री करून घेत होते.

आपण सगळे एका सरकत्या तुकड्यावर उभे आहोत, हे मला आठवीपासून माहीत होतं. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते. पण माहीत असणं आणि पायाखालून सरकणं यांत केवढं अंतर असतं. भूमी अजूनही उत्तरेकडे रेटतेच आहे, समुद्राचा तळ कुठे उसवतो आहे तर कुठे दुसऱ्याखाली बुडतो आहे, आणि वर आपण यादीतल्या नावांपुढे चौकोन भरतो. जमिनीला मी दगाबाज म्हणू शकत नाही. ती हलण्याआधी आवाज देते. त्या दिवशी पांढऱ्या बुटांनीही मला तेवढीच स्पष्ट सूचना दिली होती.

मी कचेरीला पत्र लिहिलं. शाळेत मराठी तिसरी भाषा होती, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा लिहावं लागलं. वरच्या पाड्यावरच्या फॉर्मांवर माझी सही आहे, मी तो पाडा पाहिला नव्हता, ती माहिती तिथल्या माणसांची नाही, ती रद्द धरावी. मुग्धाचं नाव लिहिलं नाही, पण लिहायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात माझा शेजार सोडून पुढच्या बाकावर बसू लागली. कचेरीतल्या टेबलामागच्या बाईंनी पत्र वाचलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बरं मग, खरी माहिती आणा. त्या लोकांच्या सह्यांनिशी. मग साहेबांपुढे ठेवते."

म्हणून परवा एसटीने पुन्हा गेले. पिशवीत कोरे कागद होते, चौकोन नसलेले. चढताना एकच धास्ती होती. एकदा ज्यांची नावं कुणीतरी परस्पर वापरली त्या बाया आपलं नाव पुन्हा कशाला देतील? आणि त्यांनी नाही दिलं तर ती भेग त्या मुलांच्या डोक्यावर तशीच राहणार.

अंगणवाडीला कुलूप होतं. मुलांचा आवाज यशोदाताईंच्या पडवीतून येत होता. त्यांनी तक्ता काढून कुडाच्या भिंतीला टांगला होता, आणि पंचवीस-तीस चिमुरडी एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटीने बसली होती. निम्म्यांचे पाय पडवीबाहेर उन्हात. "वरून कोण तपासायला आलं तर माझी नोकरी जाईल," त्या म्हणाल्या, "पण भिंत पडली तर मला कोण विचारायला येणार?" मी पत्राची प्रत दिली. त्यांनी ती उभ्यानेच पूर्ण वाचली, माझ्या सहीशी थांबल्या, घडी घातली. शेजारच्या दोन बाया येऊन उंबऱ्याशी टेकल्या. कुणी रागावलं नाही. मी रागाची तयारी करून गेले होते, त्यामुळे माझ्या हातांना काही कामच उरलं नाही.

"ती दुसरी पोरगी," यशोदाताईंनी विचारलं, "ती का नाय आली त्या दिवशी?"

खरं तर मी काहीही सांगू शकले असते. माझ्याकडे सगळी उत्तरं होती, इतके दिवस मी तीच तर मनात मांडत होते. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"पाऊस होता."

"पाऊस आम्हाला बी होता, बाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मुलांना सरकायला सांगून मला बसायला जागा केली, माझ्या हातातला कागद घेतला, कानामागचं पेन काढलं आणि स्वतःच लिहायला बसल्या. मी शेजारी बसून राहिले. मुग्धाशी मी आता बोलत नाही, बहुधा बोलणारही नाही. आणि तरी, कुणी तिच्याबद्दल विचारताच, सगळं कळून चुकल्यावरही, माझ्या आतलं काहीतरी आधी तिला पावसापासून आडोसा द्यायला धावलं. ते काय आहे, आणि कधी थांबेल, हे मला तिथे बसून कळलं नाही. यशोदाताईंचं पेन कागदावर हळूहळू चालत होतं.